रकाना कोणी आखायचा?

दिवाळी आठ दिवसांवर आली की माळा उतरवायचा, हा आमच्या घरचा जुना रिवाज आहे. ह्या खेपेस माळ्यावरून आत्याची पत्र्याची पेटी खाली आली. आत्या सरकारी नर्स होती. 1966 पासून 2001 पर्यंत, अशी पस्तीस वर्षे तिने बुलढाणा जिल्ह्यात नोकरी केली. त्यांतली बहुतेक घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खेड्यांत. आता तिने ऐंशी ओलांडली आहे. पाय थकले आहेत. पण दृष्टी शाबूत आहे, आणि जीभ तर त्याहून शाबूत आहे.

पेटीत निवृत्तिवेतनाचे कागद होते, पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायची एक नळी होती, आणि लाल कापडी पाठीची एक जाडजूड वही होती. सरकारी रजिस्टरे तिने निवृत्त होतानाच जमा केलेली; ही वही तिची स्वतःची. आत शिसपेन्सिलीने उभ्या रेघा ओढलेल्या. बाईचे नाव, गाव, कितवे बाळंतपण, मूल जगले की गेले. आणि शेवटी एक रुंद रकाना, ‘इतर’ नावाचा. मी सहज पाने चाळीत होतो तो त्या रकान्यापाशी थांबलो. पानामागून पान तीच अक्षरे: पायावर सूज. लघवी कमी. मुतखडा. नवऱ्यासही तेच. दीर वारला, तेच.

“आत्या, हे काय ग?”

“वरून जे कागद यायचे ना, त्यांत ह्याले जागाच नव्हती. मंग म्या माहा रकाना आखला.”

एवढे बोलून ती पुन्हा करंज्यांच्या सारणाकडे वळली. मला मात्र त्या वाक्याने अजून सोडलेले नाही.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या जमिनीखालचे पाणी खारट. आमच्या जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा ह्या बाजूची माणसे पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी पीत आली. मूत्रपिंडाच्या विकारांची ओरडही तिकडे फार वर्षांची. आणि वान धरणाचे गोडे पाणी नेण्यासाठी 140 गावांची योजना हाती घ्यावी लागली, ती उगीच नव्हे. पाणी आणि रोग यांचा नेमका संबंध किती, हे सांगणे वैद्यांचे काम आहे. ते मी माझ्याकडे घेत नाही. माझ्या मनातला प्रश्न निराळा आहे. एका साध्या नर्सबाईला वर्षानुवर्षे दिसत असलेली गोष्ट वरच्या कागदावर चढली नाही, ती का? कोणी ती लपवली नव्हती. कोणी खोटेही लिहिले नव्हते. रकाना नव्हता, इतकेच. रकाना आखणारा माणूस दूर कोठे तरी बसला होता आणि त्याने पूर्णेचे पाणी कधी चाखले नव्हते.

ही झाली जुनी गोष्ट. पण अगदी परवाचीही एक आहे. 2024 च्या डिसेंबरअखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस मुठीत येत, आणि तीनचार दिवसांत टक्कल पडे. बाया होत्या, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. हा आजार कोणत्याही तक्त्याने पुढे आणला नाही. तो गावकऱ्यांनी पुढे आणला. मग पथके आली, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची माणसे आली; पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर, ज्यांनी विंचूदंशावरील उपचारात जन्म घालवला, ते आपण होऊन या गावांत गेले. त्यांच्या मोजणीप्रमाणे 18 गावांत 279 माणसे पछाडली होती, आणि शिधावाटपातल्या गव्हात वाजवीहून फार जास्त असलेले सेलेनियम हे त्याचे कारण, असा निष्कर्ष त्यांनी जाहीरपणे मांडला. मधल्या काळात कित्येकांनी शरमेने डोकी भादरून घेतली, आणि काहींची ठरलेली लग्ने मोडली. म्हणजे रोग एक आणि रोगाची बातमी दुसरी; दोहोंचा घाव वेगवेगळ्या जागी बसतो, हेही ह्या प्रकरणात दिसून आले.

आता वही गेली आणि फोन आला. आशाताई, नर्सबाई, अंगणवाडीच्या सेविका, सगळ्यांच्या हाती यंत्र आहे. मी यंत्राचा वैरी नाही. आत्याला महिनाअखेरीस जे मासिक गोषवारे रात्र रात्र जागून करावे लागत, ते आता क्षणात होतात. ही काही लहान सुधारणा नव्हे. पण रकाना आता सॉफ्टवेअरच्या पोटात असतो, आणि शिसपेन्सिल नर्सबाईच्या हाती राहिलेली नाही. 2021 साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन हजारोंनी परत केले, हे वाचकांना स्मरत असेल. फोन नादुरुस्त होते ही एक तक्रार. आणि मुलांच्या पोषणाची माहिती ज्या ॲपमध्ये भरायची, ते इंग्रजीत होते, ही दुसरी. वजन मराठी मुलाचे, नोंद करणारी बाई मराठी, आणि रकान्याचे नाव तिला वाचता येऊ नये!

ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. जुन्या काळी गावाचे दप्तर कुळकर्ण्याकडे, आमच्या वऱ्हाडात पांड्याकडे असे, आणि तेही मोडीत. जमीन कुणब्याची, सारा भरणार कुणबी, पण आपल्या नावापुढे काय मांडले आहे ते त्याला वाचता येत नसे. महात्मा फुल्यांनी ह्या दप्तरशाहीवर जन्मभर कोरडे ओढले. प्रत्येक कुळकर्णी लबाड होता असे मुळीच नव्हे. कित्येक देवमाणसे होती. पण ज्याची सचोटी तपासता येत नाही, त्याच्या सचोटीवर जगणे ही एक प्रकारची लाचारीच असते. कुळकर्णी भला असला तरी ती सुटत नाही.

ह्या लाचारीवरचा जो उपाय संगणकाच्या जगात निघाला आहे, त्याला ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे, आणि दिवाळीत तर ती कोणत्याही गृहिणीला पटेल. बाजारातून चकलीचे तयार पीठ आणले आणि चकली तेलात विरघळली, तर आपण काय करणार? पुडक्यावरचा पत्ता वाचणार. तेच घरची भाजणी असली, तर डाळ किती, तांदूळ किती, मोहन किती पडले हे आपल्याला ठाऊक असते. चूक सापडते, पुढचा घाणा सुधारतो, आणि शेजारणीने मागितले तर प्रमाण लिहूनही देता येते. सॉफ्टवेअरचेही असेच एक प्रमाण असते. बंद सॉफ्टवेअरमध्ये ते कंपनीच्या तिजोरीत राहते. मुक्तस्रोतात ते कोणालाही वाचता येते, बदलता येते, वाटता येते. 2020 च्या एप्रिलमध्ये साथीच्या धामधुमीत ‘आरोग्य सेतू’ आले, तेव्हा हे ॲप आमच्या फोनमध्ये बसून नेमके करते काय, असा प्रश्न जाणत्या लोकांनी केला. सरकारने 26 मे 2020 रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचे हे प्रमाण उघडे केले. प्रश्न करणे बरोबर होते, आणि उघडे करणेही बरोबर होते.

सार्वजनिक आरोग्यात ही कल्पना प्रथम कोठे रुजली, हे मोठे बोधप्रद आहे. दक्षिण आफ्रिकेत 1994 साली वर्णद्वेषी राजवट गेली. मागे राहिली होती आरोग्याची तुकडे तुकडे झालेली दप्तरे: गोऱ्यांची निराळी, काळ्यांची निराळी, रकानेही निराळे. केपटाउनकडच्या काही आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्या नॉर्वेतील स्नेह्यांनी जिल्ह्याच्या आरोग्याची माहिती जिल्ह्यातच वापरता यावी म्हणून एक सॉफ्टवेअर केले, आणि ते फुकट वाटले. त्याच्या नावातच ‘जिल्हा’ हा शब्द आहे; डीएचआयएस ह्या अक्षरांतला पहिला ‘डी’ तो. त्याची दुसरी आवृत्ती, डीएचआयएस-2, प्रथम वापरात आली ती आपल्या केरळात, 2006 साली. ऑस्लो विद्यापीठ तिचा सांभाळ करते, आणि आज सत्तराहून अधिक देश ती वापरतात. 2020 च्या जानेवारीत कोरोनाची बातमी नुकती येत होती, तेव्हा श्रीलंकेतल्या मंडळींनी बाहेरून येणाऱ्या प्रवाशांची नोंद ठेवण्यासाठी ह्याच सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे रकाने आखले. कोणाची परवानगी मागावी लागली नाही, दरपत्रक मागवावे लागले नाही. आणि त्यांनी केलेले काम मग इतर कितीतरी देशांनी उचलले. आत्याने जे पेन्सिलीने केले, तेच श्रीलंकेने संगणकावर केले. मुक्तस्रोताचे सारे महत्त्व माझ्या मते ह्या एका सोयीत आहे: ज्याला प्रश्न पडला, त्याला रकाना आखता येतो.

सार्वभौमत्व हा शब्द अलीकडे ह्या संदर्भात फार ऐकू येतो. आम्हा वऱ्हाडी लोकांना हा शब्द ऐकला की थोडे हसू येते. कारण सार्वभौमत्वाची थट्टा आमच्याइतकी कोणी पाहिली नसेल. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण मालकी हैदराबादच्या निजामाची राहिली. 1902 साली सालीना 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला. मालकी तरीही निजामाचीच! 1936 साली निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. मात्र वऱ्हाडातल्या एका तहसिलीवरही त्याचा हुकूम चालत नव्हता. नाव एकाचे आणि किल्ल्या दुसऱ्याच्या, असा हा संसार शंभर वर्षांच्या आसपास चालला.

जुलै 2022 मध्ये महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना ह्याची एक आठवण झाली. तेथील रुग्णनोंदीची संगणकव्यवस्था एका खासगी कंपनीकडे होती. कराराचा वाद झाला आणि व्यवस्था बंद पडली. केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची पाळी आली, आणि रोग्यांच्या जुन्या नोंदी हाताशी असून नसल्यासारख्या झाल्या. रुग्णालय सरकारचे, डॉक्टर सरकारचे, रोगी ह्या राज्याचे, पण किल्ली करारात अडकलेली. दोष कोणाचा होता याचा निवाडा मी करीत नाही. ज्या घरात आपण राहतो त्याची किल्ली दुसऱ्याकडे असू नये, हे कळायला निवाड्याची गरज नाही. भारत सरकारने 2015 सालीच, आपल्या कार्यालयांनी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला पसंती द्यावी, असे धोरण जाहीर केलेले होते. धोरण कागदावर असणे आणि किल्ली कमरेला असणे, यांतले अंतर निजामाला विचारावे!

येथे कोणी म्हणेल, की तुम्ही मुक्तस्रोताची फारच आरती ओवाळता. आक्षेप योग्य आहे, आणि त्याला पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. गावकीची विहीर सर्वांची असते, म्हणूनच तिचा गाळ कोणीच काढीत नाही. 2021 च्या डिसेंबरात ‘लॉग-फोर-जे’ नावाच्या एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये भयंकर भोक सापडले. जगातल्या बड्या बड्या कंपन्या ते वापरीत होत्या, आणि सांभाळ करणारी माणसे मूठभर स्वयंसेवक होती. फुकट मिळालेल्या वस्तूलाही राबणारे हात लागतात, आणि हातांना पगार लागतो. जो देश, जो जिल्हा, हे हात तयार करीत नाही, त्याने मुक्तस्रोत घेतला काय आणि बंद घेतला काय, सारखेच. दिल्लीच्या एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 रोजी संगणकांवर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे इतक्या मोठ्या रुग्णालयाचा कारभार कागदावर चालला. अशा वेळी जागरूकता कामास येते. घोषणा येत नाहीत.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. समजा, परदेशी कंपनीच्या कमरेची किल्ली दिल्लीने घेतली आणि आपल्या कमरेला लावली. पूर्णेकाठच्या बाईच्या दृष्टीने फरक काय पडला? तिचे आजारपण पूर्वी तिला न विचारता सातासमुद्रापार जात होते, आता तिला न विचारता राजधानीत जाते. 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण कायदा कागदावर वाचता येतो, संमती मात्र डोळ्यांत पाहून घ्यावी लागते. सार्वभौमत्व सीमेवर येऊन थांबले तर ते राज्याचे होते, माणसांचे होत नाही. ते पायरीपायरीने खाली उतरून जिल्ह्यात, गावात, आणि अखेर खाटेवर निजलेल्या रोग्यापर्यंत आले पाहिजे.

हे मला पुस्तकातून कळले नाही. आत्याच्या वहीनेच शिकवले. माझा नातू पुण्यास संगणकाचे शिक्षण घेतो. तो दिवाळीला आला, वही पाहून हरखला, आणि म्हणाला, “आजोबा, ह्या पानांचे फोटो काढून फोनमधल्या ॲपला दिले, तर दोन मिनिटांत सगळा तक्ता तयार होईल. एखाद्या संशोधकाच्या किती उपयोगी पडेल!” त्याचा हेतू सोन्यासारखा होता. मलाही मोह पडला. आत्याने मात्र हात पुढे करून वही मिटली.

“काहून रे बापू, ह्या बायांले इचारलं काय तू?”

“आत्याआजी, त्यात विचारायचं काय? जुनी वही आहे.”

“वही जुनी हाये, बाया जित्या हायेत. कोणाचं लेकरू कसं गेलं, ते घरच्यालेही ठाव नाही. त्यायनं ते मले सांगतलं. तुह्या फोनले नाही सांगतलं.”

पोरगा गप्प झाला, मीही झालो. मुक्त, मुक्त असा घोष करताना एक भेद माझ्याकडून निसटत होता. साधन उघडे असावे, कारण ते आपल्यावर काय करते ते दिसले पाहिजे. माणूस उघडा पडू नये, कारण त्याने विश्वासाने सांगितलेले असते. आणि ह्या दोहोंच्या मध्ये आणखी एक तिसरी वस्तू आहे: गोळाबेरीज. अमुक गावात किती जणांच्या पायांवर सूज होती, हे कोणा एकीचे गुपित नाही. ते गावाचे ज्ञान आहे, आणि गावापासून ते दडवणे हा अन्याय आहे. नाव रोग्याचे, संख्या गावाची, साधन सर्वांचे. अशी ही वाटणी मला पडताळून पाहता न्याय्य वाटते. आमच्याकडे नेमके उलटे चालते. साधन कुलपात असते, संख्या फायलीत अडकते, आणि नाव मात्र चव्हाट्यावर येते. केस गळालेल्या मुलींचे तेच झाले.

मग आम्ही एक तोड काढली. तीन संध्याकाळी आत्या वही मांडीवर घेऊन बसली. नाव ती मनात वाचायची आणि मोठ्याने फक्त गाव, साल आणि लक्षण सांगायची. नातू ते आपल्या संगणकावर, लिबरऑफिस नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये टिपून घेई. इंटरनेटची तार त्याने आपणहून काढून ठेवली होती. रकान्यांची नावे मराठीत होती. मध्येच आत्या थबके, चष्मा पुसे, आणि म्हणे, “थांब जरासा.” कोणाची तरी आठवण येत असावी. आम्ही विचारले नाही.

तिसऱ्या रात्री बेरजा पुऱ्या झाल्या. आकडे मी येथे देत नाही. ते आधी त्या गावांच्या ग्रामसभांपुढे गेले पाहिजेत, असे आत्याचे मत पडले, आणि ते मला मान्य आहे. नातवाला मात्र एक शंका होती, आणि ती खरी होती. नुसत्या बेरजेने वैद्याचे काम भागणार नाही. पुढे त्या माणसांचे काय झाले, हे पाहायचे तर नावे लागतील. नावे झाकली तर कदाचित एखाद्याचा जीव वाचवणारी माहितीही झाकली जाईल. आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तं मंग इचाराले जावं लागते. ज्या हो म्हणतीन, त्यायचं नाव द्यायचं.”

तिचे पाय चालत नाहीत, आणि गावे काही एकदोन नाहीत. कित्येक बाया आता हयात नसतील. त्यांच्या वतीने हो कोणी म्हणावे, हा प्रश्न आम्हा तिघांनाही सुटलेला नाही. तरी भाऊबीज आटोपली की नातू गाडी काढणार आहे, आणि राजूर घाट उतरून आम्ही खाली जाणार आहोत. वही आत्याच्या मांडीवर असेल. पेटीची किल्ली तिने पदराच्या टोकाला बांधून ठेवली आहे, आणि वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने एक नवी उभी रेघ ओढली आहे. वर लिहिले आहे: ‘विचारले’.